बाथरूममधला गॅस गीझर आणि आपला यत्नाचार



दशलक्षण पर्व आलं की आपल्या घरांत पहाटे एकच घाई असते. सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या, शुद्ध कपडे नेसायचे आणि अभिषेकाच्या वेळेला मंदिरात पोचायचं. त्या घाईत गीझरकडे कोण बघतंय? पाणी गरम आलं की झालं. माझंही तसंच होतं.

आमच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर होता. तो बसवायचा हट्ट माझाच. मी बी.कॉम. झालेली, घरखर्चाची वही आजही लिहिते. पाच माणसांच्या आंघोळी, विजेचं बिल, सिलिंडरची किंमत असा सगळा हिशोब मांडून मी ह्यांना पटवलं होतं. बिल कमी झालंही. पण त्या हिशोबात मी माणसाचा जीव धरलाच नव्हता.

पर्वाचा तिसरा दिवस होता. पाऊस लागून राहिलेला, म्हणून बाथरूमची खिडकी घट्ट बंद. आधी चौघांच्या आंघोळी झाल्या आणि शेवटी सून गेली. तिचं एकाशन चालू होतं. दोन दिवस ती म्हणत होती, "आई, आंघोळीनंतर डोकं फार दुखतं, मळमळतं." मी म्हटलं, "पित्त झालं असेल. सवय नाही ना तुला उपवासाची." त्या दिवशी आतून बादली पडल्याचा आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. मुलानं दार मोडलं आणि तिला उचलून बाहेर मोकळ्यावर आणलं, तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का?"

गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत गीझर सलग चालला की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला येतो तो सिलिंडरच्या गॅसचा वास. तो नाही म्हणजे सगळं ठीक, असं आपण समजतो. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग हातापायांतलं बळ जातं. कडी काढायलाही उठता येत नाही.

सून वाचली. पण दोन दिवस ती सांगत होती आणि मी उपवासाला दोष देत होते, हे मला विसरता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. गॅसचा गीझर बाथरूमच्या आत नकोच. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. तशी जागा नसेल तर विजेचा घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. "आमच्याकडे दहा वर्षं आहे, काही झालं नाही" हे बोलणं आता मला ऐकवत नाही.

दुसरं म्हणजे, बिघडलेलं यंत्र खूण देतं. ती ओळखायला इंजिनियर व्हावं लागत नाही. गॅसच्या गीझरची ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर बंद करून दुरुस्तीवाल्याला बोलवावं. गीझर पेटतच नसेल तर मात्र घाबरू नका. बहुतेक वेळा त्यातले सेल संपलेले असतात किंवा पाण्याचा दाब कमी असतो.

विजेच्या गीझरचंही तसंच. पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, आतून तडतड आवाज येतो, म्हणजे बोअरच्या पाण्याचे क्षार कॉईलवर बसलेत. ते साफ करून घ्यावेत, नाहीतर वीज फुकट जाते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. बटण पुन्हा पुन्हा पडत असेल तर ते दाबून धरू नका, ते तुमचा जीव वाचवायलाच पडतंय. आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकलं तर ते स्वाभाविक आहे, कारण तापलेलं पाणी फुगतं. सतत गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला. आमच्या एका मिस्त्रीनं "बूच मारून देतो, ठिबकणार नाही" म्हटलं होतं. बूच मारलं तर आतला दाब जाणार कुठे? टाकी फुटेल.

माझ्या सासूबाईंचा तांब्याचा बंब परसात असायचा. धूर डोळ्यांत जायचा, म्हणून कुणी त्याच्याजवळ दार लावून बसलं नाही. आताचं यंत्र स्वच्छ दिसतं, म्हणून आपण बेसावध राहतो.

आपण पाणी गाळून घेतो, कारण त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची आपल्याला काळजी. प्रमाद हे हिंसेचं मूळ, हे स्वाध्यायात ऐकतो. मग घरातल्या माणसाच्या बाबतीत प्रमाद कसा चालेल? यत्नाचार फक्त स्वयंपाकघरात नसतो, बाथरूममध्येही असतो.

येत्या पर्वाआधी एकदा आपला गीझर उभं राहून नीट बघा. आणि आंघोळीनंतर डोकं दुखतं असं कुणी म्हणालं, तर पित्त म्हणण्याआधी खिडकी उघडा, गॅस बंद करा आणि तिला डॉक्टरांकडे न्या.

जय जिनेंद्र.