लोखंड देशी, मेंदू परदेशी

नागपुरात महालाला लागून असलेली एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केली. प्रारंभी काटकसरीच्या विचाराने हलक्या प्रतीची यंत्रे आणली गेली. ती नीट चालेनात, तेव्हा ती काढून उत्तम यंत्रे बसवावी लागली. स्वस्त यंत्र किती महाग पडते, याचा धडा नागपूरने असा घराशेजारीच घेतला. ती कापडाची यंत्रे होती. यंत्रांचेच भाग घडविणाऱ्या लेथ, मिलिंगसारख्या यंत्रांच्या बाबतीत तर हा हिशेब अधिकच कठोर.

१९४१ मध्ये किर्लोस्करांनी हरिहर येथे कारखाना काढला, १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी उभी राहिली. देशी लेथ मिळू लागले. तरीही अचूक कामाची अनेक यंत्रे बाहेरूनच येत. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना मिळू लागला. दहा हजार डॉलरचे यंत्र एका रात्रीत ४७,६०० वरून ७५,००० रुपयांवर गेले. यंत्रात एका स्क्रूचीही भर पडली नव्हती! १९९१ च्या जुलैत हाच अनुभव पुन्हा आला.

दरम्यान यंत्राचा मेंदू मात्र स्वस्त होत गेला. १९५२ मध्ये अमेरिकेत अंकनियंत्रित यंत्राचे पहिले प्रात्यक्षिक झाले, तेव्हा त्याची नियंत्रणव्यवस्था कपाटांत मावत होती. पुढे मायक्रोप्रोसेसर आला आणि तीच व्यवस्था एका पेटीत सामावली. सीएनसी लहान उद्योजकाच्या आवाक्यात आले ते यामुळे. परंतु भारतात जुळविलेल्या अनेक सीएनसी यंत्रांचा सांगाडा देशी आणि कंट्रोलर जपानी वा जर्मन असतो. रुपया घसरला की देशी म्हणून घेतलेले यंत्रही महागते.

याची झळ मोठ्या कारखान्याला फारशी बसत नाही. वडिलांनी घेतलेला लेथ वर्षानुवर्षे चालतो, त्याचे पैसे केव्हाच फिटलेले असतात. काम नसेल त्या दिवशी तो झाकून ठेवता येतो. मुलाने कर्ज काढून घेतलेल्या सीएनसीचा हप्ता मात्र काम असो वा नसो, थांबत नाही. वर कंट्रोलर बिघडला की सुटा भाग येईपर्यंत यंत्र उभे.

देशी कंट्रोलरला आज गरज आहे ती पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाची. लहान कारखानदाराने तो धोका पत्करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘यंत्र इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरातच, अंबाझरीला आहे. खरेदीचा प्रारंभ अशा कंपन्यांनी करावा.