संगणकशास्त्र शिकायचे, पण कोणत्या विद्यापीठात?

बारावीचे निकाल लागले की आमच्या घरी चहाचे आधण जरा जास्त ठेवावे लागते. गावात बरीच वर्षे विज्ञान शिकविल्यामुळे पालक मंडळी सल्ल्यासाठी येतात. गेल्या वर्षी असेच एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीला संगणक अभियांत्रिकी शिकायची होती. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय महाविद्यालयात तिला प्रवेश मिळण्यासारखा होता. पण 'त्या कॉलेजला नाव नाही' असे कोणीतरी त्यांच्या मनात भरविले होते. दुसऱ्या राज्यातील एका खाजगी विद्यापीठाचे नाव मोठे, इमारती मोठ्या आणि शुल्कही तसेच मोठे. त्यासाठी एकर-दीड एकर जमीन विकायची त्यांची तयारी होती. "सर, नावाला किंमत असते की नसते, एवढंच सांगा," ते म्हणाले.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न येत्या दोन-चार वर्षांत तुमच्यापैकी अनेकांच्या घरी निघणार आहे. म्हणून त्याचा विचार आजच केलेला बरा.

'किंमत नसते' असे सांगणारे लोक लगेच उदाहरणे देतात. सत्या नाडेला मणिपालच्या महाविद्यालयात शिकले, पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिल्वॉकी येथील शाखेतून १९९० मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले. शंतनू नारायण हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. अमेरिकेत ते ओहायओ राज्यातील बोलिंग ग्रीन विद्यापीठात शिकले आणि २००७ मध्ये अॅडोबी कंपनीचे प्रमुख झाले. उदाहरणे खरी आहेत. पण त्यांवरून असे घडू शकते एवढेच सिद्ध होते. किती वेळा घडते ते कळत नाही. त्याच वर्गांत बसलेल्या बाकीच्या मुलांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत.

'किंमत असते' म्हणणाऱ्यांचा युक्तिवादही तितकाच कच्चा असतो. नामांकित संस्थेतील मुलांना पगार जास्त मिळतो, म्हणून संस्थेमुळेच तो मिळतो, असे ते धरून चालतात. समजा, एका शेतकऱ्याने एका वावरात निवडून-पाखडून घेतलेले टपोरे बियाणे पेरले आणि दुसऱ्या वावरात उरलेसुरले. पहिल्या वावरात ज्वारी जोमदार आली. मग जमीन चांगली की बी चांगले? आयआयटीसारख्या संस्था लाखो मुलांमधून काही हजार निवडतात. ती मुले दुसरीकडे गेली असती तरी बहुधा चमकली असती. जमिनीचा गुण पाहायचा असेल, तर एकसारखे बी दोन्ही वावरांत पेरून पाहायला हवे.

असा प्रयोग माणसांवर कसा करणार? स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या अमेरिकन संशोधकांनी एक युक्ती काढली. १९७६ मध्ये महाविद्यालयात गेलेल्या मुलांपैकी, ज्यांनी सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांकडे अर्ज केले आणि ज्यांना सारखेच होकार-नकार आले, अशी मुले त्यांनी शोधली. बी एकच, वावरे वेगवेगळी! कारण होकार मिळूनही काहींनी कमी नावाचे महाविद्यालय निवडले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सरासरी पाहता दोन्ही प्रकारच्या मुलांच्या पुढील कमाईत फरक दिसेनासा झाला. हा अभ्यास सर्वच विषयांच्या मुलांचा होता, केवळ संगणकाच्या नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

हा निष्कर्ष पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मात्र सहसा कोणी सांगत नाही. गरीब घरांतील मुलांच्या बाबतीत फरक दिसेनासा झाला नाही. त्यांना नामांकित महाविद्यालयाचा खराखुरा फायदा झाला. पुढे याच दोघांनी केलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय मुले आणि ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते अशी मुले, यांच्याबाबतही तेच आढळले.

असे का व्हावे? माझा तर्क सांगतो. मुंबई-पुण्याच्या इंजिनिअर कुटुंबातील मुलाला काका असतो, आत्या असते, वडिलांचे मित्र असतात. अर्ज कोठे करावा, मुलाखतीत काय विचारतात, हे त्याला जेवताना ऐकूनच कळते. विद्यापीठाचे नाव त्याच्याजवळच्या दहा किल्ल्यांपैकी एक असते. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीजवळ कदाचित ती एकच किल्ली असते. म्हणून 'नावाचे काय घेऊन बसलात, हुशारी महत्त्वाची' असे शहरातले सुस्थितीतले लोक ग्रामीण मुलांना सांगतात, तेव्हा मला ते पटत नाही. स्वतःच्या मुलांना ते काय सांगतात, ते पाहावे.

ही किल्ली कोणत्या दाराला लागते तेही पाहू. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतील बारा अतिनामांकित विद्यापीठांचा अभ्यास केला. प्रतीक्षायादीतील ज्या मुलांना शेवटी प्रवेश मिळाला आणि ज्यांना मिळाला नाही, त्यांची त्यांनी तुलना केली. सरासरी कमाईत विशेष अंतर नव्हते. पण प्रतिष्ठित संस्थांत नोकरी मिळण्याची शक्यता सुमारे तिप्पट झाली होती. म्हणजे नाव सरसकट सर्वांचे पगार वाढवीत नाही. ते काही मोजकी दारे उघडते.

संगणकाच्या क्षेत्रात याला एक विशेष बाजू आहे. स्थापत्य अभियंत्याला आपला पूल मुलाखतीला नेता येत नाही, पण आज्ञावली लिहिणाऱ्याला आपले काम जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठविता येते आणि अनोळखी माणूस ते चालवून पाहू शकतो. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने हप्त्यांवर घेतलेल्या संगणकावर लिनक्सचा पाया घातला. ज्यांनी तो प्रोग्राम उतरवून घेतला, त्यांनी तो आपल्या यंत्रावर चालतो का, एवढेच पाहिले. मात्र हजारो अर्ज आलेल्या कंपनीला प्रत्येकाचा प्रोग्राम चालवून पाहायला सवड नसते. मग ती विद्यापीठाच्या नावाची चाळण लावते. तिच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, पण न्याय्य नाही. शिवाय बऱ्याच कंपन्या मुलाखतींसाठी ठरावीक महाविद्यालयांतच जातात. ज्या महाविद्यालयात त्या फिरकतच नाहीत, तेथील मुलगी चाळणीपर्यंतही पोहोचत नाही. आणि आता तर यंत्रेच प्रोग्राम लिहून देऊ लागली आहेत. तेव्हा नुसते काम दाखवून भागत नाही, ते तसेच का केले हे समोरासमोर सांगता यावे लागते.

प्राध्यापक व्हायचे असेल तर नावाचे वजन आणखी वाढते. अमेरिका आणि कॅनडातील संगणकशास्त्र, व्यवसायशिक्षण व इतिहास या तीन विषयांच्या प्राध्यापकांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ७१ ते ८६ टक्के प्राध्यापक एक चतुर्थांश विद्यापीठांतूनच आलेले होते! गंमत अशी, की २०१९ मध्ये केवळ संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांवर झालेल्या अभ्यासात दिसले, की नोकरी लागल्यावर त्यांच्या हातून किती संशोधन होते, याचा संबंध ते जेथे शिकले त्या जागेशी फारसा नसतो. आज जेथे काम करतात त्या जागेशी असतो. म्हणजे निवड करताना नाव पाहिले जाते आणि काम होते ते भोवतालच्या वातावरणामुळे.

हे वातावरण म्हणजे काय, ते आपल्याच देशातील एका उदाहरणावरून कळेल. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि झटपट ठरविण्याची रीत गणितज्ञ कित्येक वर्षे शोधत होते. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील प्रा. मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी ती शोधून काढली. दोघे विद्यार्थी नुकतेच बी. टेक. झाले होते आणि बी. टेक.च्या प्रकल्पातच या कामाची सुरुवात झाली होती. कानपूरला संगणक आला १९६३ साली. पदवीच्या मुलापुढे असला प्रश्न ठेवणारा शिक्षक आणि त्यावर रात्र रात्र वाद घालणारा सोबती, हे चार दशकांत रुजलेले पीक होते. आयआयटीची व्याख्याने आज 'एनपीटीईएल'वरून कोणालाही फुकट ऐकता येतात, पण तो सोबती संगणकाच्या पडद्यातून उतरून येत नाही.

तरीही तो अन्यत्र मिळतच नाही असे नव्हे. 'गूगल समर ऑफ कोड' हा विद्यार्थ्यांकडून खुले प्रोग्राम लिहवून घेण्याचा उपक्रम २००५ मध्ये सुरू झाला. पहिल्या दहा वर्षांत त्यात सर्वांत जास्त विद्यार्थी निवडले गेले, ते श्रीलंकेतील मोराटुवा विद्यापीठाचे. आधीच्या वर्षाच्या मुलांनी पुढच्या वर्षाच्या मुलांना हाताशी धरले आणि नाव मागाहून झाले.

एक दार आपले लोक विसरतात. ते म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाचे. राज रेड्डी आंध्रातील एका खेड्यात वाढले आणि मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून १९५८ मध्ये, तेही स्थापत्य शाखेत, पदवीधर झाले. स्टॅनफर्डची पीएच.डी. त्यांनी १९६६ मध्ये मिळविली. १९९४ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजले जाणारे ट्यूरिंग पारितोषिक विभागून मिळाले. मोठे नाव त्यांनी घेतले, पण पहिल्या पदवीच्या वेळी नव्हे. आजही साध्या महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या मुलाला 'गेट' परीक्षा देऊन आयआयटीत किंवा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. टेक.ला जाता येते, आणि तेथे विद्यावेतनही मिळते. त्यासाठी जमीन विकावी लागत नाही.

त्या गृहस्थांना मी सांगितले ते असे: मुलीला आयआयटीत किंवा पुण्याच्या सीओईपीत जागा मिळत असती, तर कर्ज काढा आणि पाठवा, असेच म्हटले असते, कारण तुमच्या घरात संगणकाच्या क्षेत्रातले कोणी नाही आणि तिला त्या नावाचा उपयोग झाला असता. पण ज्या विद्यापीठाचे नाव तुम्ही फक्त जाहिरातीत वाचले, तेथे कोण शिकवितो आणि तेथून बाहेर पडलेले कोण काय करतात हे तुम्हाला सांगता येत नाही, ते नाव कंपनीच्या चाळणीतही टिकेल की नाही कोण जाणे. अशा नावासाठी जमीन विकू नका.

मुलीला वेगळे सांगितले. जिल्ह्याच्या महाविद्यालयात जा आणि इमारत पाहू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ. तुमचे प्रोग्राम कोण वाचतो, चुका कोण दाखवतो, गेल्या वर्षी 'गेट'ला कितीजण बसले, प्रयोगशाळा किती वाजता बंद होते, हे विचार.

तिने तेथेच प्रवेश घेतला. प्रयोगशाळा पाच वाजता बंद होते. ती आठपर्यंत उघडी ठेवावी असा अर्ज तिने आणि वर्गातील चार मुलांनी प्राचार्यांना दिला आहे. परवा ती भेटली तेव्हा उत्तर यायचे होते. तोवर ही पाच मुले वसतिगृहाच्या जेवणघरात बसून एकमेकांचे प्रोग्राम तपासतात.