बिलही आपणच करायचं, चोरही आपणच ठरायचं!

एक नियम कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत, तरी तो तुम्हाला-मला पाठ आहे. आपण ज्या लाईनीत उभे असतो, ती सोडून बाकीच्या सगळ्या सरकतात. वैतागून लाईन बदलली, की आधीची सुसाट सुटते. आणि आपल्या पुढे नेमके तेच काका येतात, ज्यांच्या कांद्यांच्या पिशवीवर वजनाचं स्टिकरच लावलेलं नसतं!

पण बॉस, यात नशिबाचा काही संबंध नाही. साधं गणित आहे. समजा, तीन काउंटर चालू आहेत आणि तिन्ही लाईनी सारख्याच लांब आहेत. कुठे कार्ड चालणार नाही, कुठे बारकोड लागणार नाही, हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणजे आपली लाईन सगळ्यात फास्ट असण्याची शक्यता तीनात एक. शेजारची कुठली तरी पुढे जाण्याची शक्यता तीनात दोन. थोडक्यात काय, तर बहुतेक रविवारी आपण हरणारच.

यावर उपायही जुनाच आहे. सगळ्यांची मिळून एकच लांब लाईन करायची आणि जो काउंटर मोकळा होईल तिथे पुढच्याने जायचं. एअरपोर्टवर हेच असतं, बँकेत टोकन घेऊन हेच होतं. कांदेवाले काका अडले तरी बाकीचे अडत नाहीत आणि ‘माझ्या मागून आला आणि पुढे गेला’ ही जळजळही होत नाही. ही जळजळ खरी असते बरं का! मॅनेजमेंटचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. तो आजही या विषयात मूळ धरून आहे. त्यांचं म्हणणं असं, की हाताला काम नसताना काढलेली पाच मिनिटं काम असताना काढलेल्या पाच मिनिटांपेक्षा मोठी वाटतात. कारण न कळता थांबणं आणखी मोठं वाटतं. आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटत असेल, तर विचारूच नका.

सेल्फ चेकआऊटची सगळी मेख त्यातल्या पहिल्याच मुद्द्यात आहे. वेळ कमी करता येत नाही ना? मग गिऱ्हाईकाच्या हाताला काम द्या. त्याला वाटेल, आपण भराभर पुढे चाललोय!

तसं आपल्या हाताला काम देणं शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. त्याआधी जगभर वाण्याची एकच पद्धत होती. आपण यादी सांगायची, त्याने माल काढून द्यायचा. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने पिगली विगली नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाईकाला सांगितलं, ही घे टोपली आणि फिर. फळीवरून माल काढायचं काम तेव्हा आपल्याकडे आलं. ते आपल्याला आवडलंही. पुढचं काम यायला सत्तर वर्षं लागली. फ्लोरिडातल्या डेव्हिड हंबल यांचं सेल्फ चेकआऊट मशीन १९८६ मध्ये अटलांटाजवळच्या एका क्रोगर सुपरमार्केटमध्ये लागलं. त्यात स्कॅनिंग गिऱ्हाईकाने करायचं, पैसे मात्र माणसाकडेच भरायचे. हळूहळू तोही माणूस गेला.

माझी या मशीनशी ओळख झाली ती ऑनसाइटला. ऑफिसने आठ महिन्यांसाठी इंग्लंडला, रेडिंगला पाठवलं होतं. पहिल्या आठवड्यात मी जाम खूश होते. ब्रेड, दूध, अंडी... पीप, पीप, पीप. कुणाशी बोलायला नको, आपला अ‍ॅक्सेंट कुणाला कळेल का याचं टेन्शन नको. तीन मिनिटांत बाहेर!

दुसऱ्या आठवड्यात जरा मोठी खरेदी केली आणि मशीनमधली बाई बोलली. ‘अनएक्स्पेक्टेड आयटम इन द बॅगिंग एरिया.’ तिकडे हे वाक्य लहान पोरांनाही पाठ असतं. त्यावर जोक्स आहेत. प्रकार असा, की स्कॅन केलेली वस्तू जिथे ठेवायची, त्या जागेखाली वजनकाटा असतो. प्रत्येक वस्तूचं वजन मशीनला माहीत असतं. स्कॅन झालेली वस्तू आणि काट्यावरचं वजन जुळलं नाही, की मशीन थांबतं, वर लाल दिवा लागतो. मी फक्त घरून आणलेली कापडी पिशवी ठेवली होती!

मग यायची ती सात-आठ मशीन सांभाळणारी एकटी मुलगी. तिच्याकडे कार्ड असायचं, ते टेकवलं की दिवा जायचा. बिअर घेतली? वय बघायला ती पाहिजे. कोथिंबिरीला बारकोड नाही आणि स्क्रीनवर सापडतही नाही? ती पाहिजे. सवलतीचं पिवळं स्टिकर लागत नाही? तीच पाहिजे. एकाच वेळी चार दिवे लागलेले आणि ती बिचारी इकडून तिकडे पळतेय. म्हणजे लाईन गेली नव्हती. ती फक्त मशीनच्या पुढून उठून मशीनच्या मागे, आपल्याआपल्या जागी उभी राहिली होती.

आता चोरीकडे येऊ. कारण काउंटरवरचा माणूस काढल्यावर काही लोक काय करणार, हे सांगायला ज्योतिषी नको. लंडनमधल्या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक एमेलिन टेलर यांनी ऑस्ट्रेलियातला एक किस्सा नोंदवलाय. एका मोठ्या सुपरमार्केटच्या लक्षात आलं, की आपण जितकी गाजरं दुकानात आणली, त्यापेक्षा जास्त गाजरं विकली गेलीयत. गाजरं काही दुकानात उगवत नाहीत! लोक महागडे अ‍ॅव्होकाडो काट्यावर ठेवत होते आणि स्क्रीनवर बटण दाबत होते गाजराचं.

टेलरबाईंनी या मंडळींसाठी एक खास वर्ग केलाय. दिसायला सरळमार्गी, नोकरदार, हप्ते वेळेवर भरणारी आणि तरी नेमाने थोडंथोडं उचलणारी माणसं. म्हणजे थेट तुमच्या-माझ्यासारखी. हीच माणसं कॅशियरच्या डोळ्यांसमोर अ‍ॅव्होकाडो खिशात घालणार नाहीत. पण मशीनसमोर प्रत्येकाकडे एक वकील तयार असतो. ‘बारकोड लागतच नव्हता.’ ‘एवढी मोठी कंपनी, त्यांना काय फरक पडतो?’ आणि सगळ्यात भारी, ‘मी त्यांचं काम फुकट केलं, ही माझी मजुरी!’

हे शेवटचं ऐकून मलाही हसू आलं होतं. पण मजुरी मालकाकडून घ्यायची असते, गाजराच्या नावाखाली नाही. आणि तिचं बिल शेवटी मालक भरतच नाही.

कोण भरतं, ते सांगते. दुकानांतल्या तुटीचा अनेक वर्षं अभ्यास करणारे लेस्टर विद्यापीठाचे प्राध्यापक एड्रियन बेक यांनी २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत, हिशोब न लागणाऱ्या तुटीपैकी २३ टक्क्यांपर्यंतचा वाटा सेल्फ चेकआऊटचा निघाला. मग कंपन्यांनी काय केलं? माणसं परत आणण्याआधी संशय वाढवला. स्कॅन करताना आपलाच चेहरा दाखवणारा कॅमेरा आला. बाहेर पडताना गेट आलं. पावती स्कॅन केली तरच उघडणारं. चोरांचं काय व्हायचं ते होवो, दंड सरसकट सगळ्यांना.

रेडिंगला आमच्या टीममधल्या एकाची बायको सात महिन्यांच्या बाळाला घेऊन अशाच एका दुकानात गेली होती. बाबागाडीच्या खालच्या कप्प्यात ठेवलेलं ओल्या वाइप्सचं पाकीट स्कॅन करायचं राहिलं. बाळ रडत होतं, एका हातात ते, दुसऱ्या हाताने पीप पीप. गेटवर तिला थांबवलं. सगळं सामान बाहेर काढून एकेक वस्तू पुन्हा तपासली. मागे लोक उभे, कुणी घड्याळ बघतंय, कुणी तिच्याकडे. गार्ड उद्धट नव्हता, त्याने सॉरीही म्हटलं. पण सिस्टिमने सांगितलंय म्हटल्यावर तो तरी काय करणार? पाकिटाचे पैसे भरून ती बाहेर आली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, “ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ज्या नजरेने बघत होते ना...”

मला राग आला तो इथे. इंग्लंडचा १९६८ चा चोरीचा कायदा असो की आपल्या भारतीय न्याय संहितेचं ३०३ वं कलम, नुसती वस्तू उचलली म्हणजे चोरी होत नाही. त्यामागे अप्रामाणिक हेतू लागतो. आणि वजनकाट्याला हेतू कसा कळणार? त्याच्या दृष्टीने अ‍ॅव्होकाडोला गाजर म्हणणारा आणि रडणारं बाळ सांभाळणारी, दोघं सारखेच. कॅशियर असता तर त्याने गाडीखाली वाकून बघितलं असतं आणि ‘हे पण घ्यायचंय ना?’ असं विचारलं असतं. विषय संपला. वाइप्स तेवढेच, आई तीच. पण एका ठिकाणी ती गिऱ्हाईक असते आणि दुसऱ्या ठिकाणी संशयित. मशीन लावून कंपनीने कॅशियरचा पगार वाचवला आणि त्याच्याबरोबर ही एक वाक्याची विचारपूसही वाचवली.

गंमत म्हणजे, कंपन्यांनाही हे आता कळायला लागलंय. उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स या सुपरमार्केटने २०२३ मध्ये दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडून ही मशीन काढायचं ठरवलं. अमेरिकेत टार्गेटने २०२४ मध्ये बहुतेक दुकानांत सेल्फ चेकआऊटला दहा वस्तूंची मर्यादा घातली. त्याच वर्षी डॉलर जनरलने सुमारे १२,००० दुकानांतून ते काढूनच टाकलं. आणि अ‍ॅमेझॉन? त्यांनी २०१८ मध्ये सिएटलला काउंटरच नसलेलं दुकान लोकांसाठी उघडलं. वस्तू घ्या आणि चालू पडा, रांग नाही! पहिल्या दिवशी ते बघायला दुकानाबाहेर लोकांची रांग लागली होती. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून अ‍ॅमेझॉनने ती पद्धत काढून घेतली.

आपण मात्र इथे बसून फार हसायला नको. आपल्याकडे कॅशियर आहे आणि संशयही आहे. आत शिरताना सॅक जमा करा, टोकन घ्या. हातातल्या दुसऱ्या पिशवीला प्लॅस्टिकची पट्टी बांधून घ्या. रांगेत उभं राहून, माणसासमोर, पै न पै मोजून बिल भरा. आणि मग दहा पावलांवर दुसरी रांग! तिथे गार्ड बिलाकडे एकदा, पिशवीकडे एकदा बघतो आणि बिलाला भोक पाडतो. वीस वस्तूंच्या बिलात त्याला त्या दोन सेकंदांत काय दिसतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. तोही बारा-बारा तास उभा असतो, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. पण ज्याने आत्ताच पैसे भरलेत, त्याला पुन्हा तपासणं ही काय पद्धत झाली?

बरं, तंत्रज्ञान नको असं मी म्हणतच नाहीये. डिकॅथलॉनमध्ये वस्तूंच्या लेबलमध्येच आरएफआयडी चिप असते. सगळं सामान एकदम टोपल्यात टाकलं की मशीन स्वतःच मोजतं. तिथे काम खरोखर मशीन करतं, आपण नाही. चांगल्या मशीनची हीच खूण म्हणायची. पण भाजी, सुटी डाळ आणि अर्धा डझन केळ्यांना चिप कोण लावणार?

आणि विश्वासावर दुकान चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा आपल्या आयांना विचारावं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून चालू आहे. आजूबाजूची काही घरं मिळून एक गट करतात, महिन्याची यादी देतात, सगळ्यांचा माल एका सभासदाच्या घरी उतरतो आणि सभासदच तो आपसांत वाटून घेतात. सेल्फ सर्व्हिस म्हणावी तर याला! तिथे कॅमेरा लागत नाही. समोर पाटलीणबाई नाहीतर देशपांडेकाकू बसलेल्या असताना गाजराच्या नावाखाली बदाम न्यायची हिंमत कोण करणार?

तेव्हा मॉलवाल्यांनो, सेल्फ चेकआऊट आणा, जरूर आणा. पण पाच-दहा वस्तू घेतलेल्यांसाठी आणा. ज्यांना माणूस हवाय, त्यांच्यासाठी माणूस ठेवा. दर दोन-तीन मशीनमागे एक तरी मदतनीस द्या. काउंटरसमोर सगळ्यांची मिळून एकच लाईन करा. आणि मशीन अडलं तर आधी ‘काय झालं?’ असं विचारा, ‘काय लपवलंय?’ असं नको.

गेल्या महिन्यात आमच्या बाणेरच्या सुपरमार्केटमध्ये माझ्यापुढे एक आजी होत्या. कॅशवरच्या मुलीने त्यांचा साबणाचा पॅक हातात घेतला आणि थांबली. “आजी, यावर एक फ्री आहे. दुसरा आणलाच नाहीत? जा, घेऊन या, मी थांबते.” आजी निघाल्या, आपल्या चालीने. मागे आम्ही नऊ जण. कुणीतरी ‘च्’ केलं, कुणीतरी मोबाईल काढला. शेजारची लाईन अर्थातच सुसाट चालली होती. साडेचार मिनिटांनी आजी फ्री साबण घेऊन परत आल्या, पैसे दिले आणि त्या मुलीच्या हातावर एक पेपरमिंटची गोळी ठेवून निघून गेल्या.