‘योजनेत बसत नाही’ हे लेखी द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस भिवपुरीहून पत्र.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे उपचार देऊ, असे शासनाने २८ जुलै २०२३ च्या निर्णयात लिहून दिले. मूळ योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आमचा रायगडही होता. मग एका रुग्णालयाने माझ्या आईला ‘योजनेत बसत नाही’ एवढेच तोंडी सांगून परत का पाठवले?

आईचे हृदय अशक्त झाले आहे. रात्री तिला आडवे होता येत नाही. भिंतीला उशा लावून ती बसल्या बसल्या उजाडायची वाट बघते. तिच्या ईसीजीवर ठोक्याची उभी लाट जवळपास चार बारीक चौकोनांइतकी पसरली आहे. डावीकडचा विद्युतमार्ग अडल्याने हृदयाच्या दोन्ही बाजू एकदम आकुंचन पावत नाहीत. त्यावर तीन तारांचा पेसमेकर आहे, पण तो महाग. साध्या पेसमेकरची तार नेहमीसारखी उजव्या कप्प्यात बसवली, तर हा बिघडलेला ताल जुळत नाही. काही रुग्णांचे हृदय त्याने आणखी थकते. आपल्या सल्लागारांना हे ठाऊक आहे.

दुसरी वाटही त्यांना ठाऊक असणार. तार हृदयाच्या स्वतःच्या विद्युतवाहिनीवरच बसवायची. डॉ. प्रमोद देशमुख यांनी २००० साली अमेरिकेत ‘हिज बंडल’वर ते करून दाखवले, चीनच्या डॉ. वेइजियान हुआंग यांनी २०१७ मध्ये डाव्या शाखेपाशी. यासाठी बहुतेकदा साधा पेसमेकर पुरतो. हात मात्र सरावलेला लागतो. मोठ्या चाचण्या अजून चालू आहेत, म्हणून सरसकट सर्वांना हेच द्या, असे मी म्हणत नाही. पण तीन तारांच्या पेसमेकरची डाव्या बाजूची तार शिरेतून नीट बसत नसेल, तर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनाही ही वाट मान्य आहे. कमी खर्चाचा उपाय सरकारी योजनेने सर्वांआधी उचलायला नको का?

राज्यातल्या किती सरकारी रुग्णालयांत हे होते? किती डॉक्टरांना आपण ते शिकवले? तीन तारांच्या पेसमेकरची पुरी किंमत योजना देते का? आमचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. दम लागलेल्या माणसाला घेऊन आम्ही मुंबईची लोकल धरतो. तिथे पोचल्यावर नकार मिळणार असेल, तर तो भिवपुरीतच कळायला काय हरकत आहे?

आईच्या नकाराचे कारण मला सही-शिक्क्यानिशी हवे आहे. त्याखाली अपील कुठे करायचे, तेही लिहा.

भिवपुरीचा एक नागरिक