सोय, सवय आणि स्वामित्व

डिसेंबर २०२१ मध्ये, नाताळच्या तोंडावर, अमेरिकेतील टेस्ला कंपनीने आपल्या विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी सॉफ्टवेअरची अकरावी आवृत्ती प्रसृत केली. त्यासाठी गाड्या कारखान्यात परत न्याव्या लागल्या नाहीत, की कोणी कारागीर हत्यारे घेऊन मालकांच्या दारी आला नाही. इंटरनेटवरून ही आवृत्ती गाडीत उतरली, मालकाने पडद्यावर बोट टेकवून संमती दिली आणि थोड्या वेळाने त्याच्यासमोर जी गाडी होती तिचे पत्रे, चाके व मोटर जुनीच असली, तरी ती वापरण्याची रीत पुष्कळशी बदललेली होती. या बदलाचे काहींनी मनापासून स्वागत केले, तर काहींनी तितक्याच मनापासून संताप व्यक्त केला. वरकरणी पाहता ही सुखवस्तू मंडळींची कुरकुर वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तिच्यामागे जो प्रश्न आहे तो केवळ मोटारमालकांपुरता उरलेला नाही.

स्वागत करणाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. वळताना दिशादर्शक दिवा लावताच त्या बाजूचे कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर दिसावे, ही सोय या आवृत्तीने दिली. चालकाच्या नजरेआड राहणारा कोपरा त्यामुळे नजरेत आला. पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीत आपल्याला हवी ती चिन्हे मांडण्याची मुभाही मिळाली. परंतु याच पट्टीवरून समोरच्या काचेवरील धुके घालवण्याचे आणि आसन गरम करण्याचे चिन्ह हलवले गेले. जे काम पूर्वी एका स्पर्शात होत असे, त्यासाठी आता आधी एक फलक उघडावा लागे आणि मग हवे ते चिन्ह शोधावे लागे. टायरमधील हवेचा दाब व प्रवासाची मोजणी या गोष्टीही आतल्या पानांत गेल्या. ऐन हिवाळ्यात, जेव्हा उत्तर अमेरिकेत आणि युरोपात काचेवर दव गोठते, तेव्हाच ही फेरमांडणी झाली. पुढील काही महिन्यांत कंपनीने यांतील काही चिन्हे तळपट्टीवर परत आणण्याची सोय केली. तक्रारीत तथ्य होते, याचा याहून वेगळा पुरावा शोधण्याचे कारण नाही.

दोन-चार चिन्हे इकडची तिकडे झाली तर एवढा गहजब कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या गाडीच्या रचनेत आहे. २०१७ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या मॉडेल ३ या मोटारीत चालकासमोर वेगाचा काटादेखील नाही. वेग, दिवे, वारा, उष्णता, आरसे आणि हातमोजे ठेवण्याच्या कप्प्याचे दारसुद्धा मधल्या एकाच पडद्यावर अवलंबून आहे. जुन्या मोटारीत बटण कोठे आहे हे हाताला ठाऊक असे. डोळ्यांनी रस्ता सोडावा लागत नसे. गुळगुळीत काचेवर हात आंधळा होतो. तेथे प्रत्येक वेळी पाहावेच लागते. आणि पाहण्याची जागाच बदलली, तर ती शोधण्यासाठी लागणारा वेळ रस्त्यावरच्या नजरेतून वजा होतो.

हा वेळ किती, याचे मोजमापही झालेले आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांनुसार गाडीतील उपकरण हाताळताना चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून ढळू नये आणि संपूर्ण कामाला अशी एकंदर बारा सेकंदांहून अधिक नजर लागू नये. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दोन सेकंदांत सुमारे ५५ मीटर अंतर तोडते. स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ साली अकरा आधुनिक मोटारी आणि २००५ सालची एक जुनी व्होल्वो यांची तुलना केली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जात असताना आसन गरम करणे, रेडिओ लावणे यांसारखी नेहमीची चार कामे चालकांना करावयाची होती. बटणे असलेल्या जुन्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत उरकली. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये त्यांना साडेतेवीस सेकंद लागले आणि सर्वांत मागे पडलेल्या गाडीत जवळजवळ पंचेचाळीस. तेवढ्या वेळात ती गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती! चालकांना गाड्यांची ओळख करून घेण्यास आधी पुरेसा अवधी दिलेला होता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. म्हणजे दोष केवळ नवखेपणाचा नव्हता.

न्यायालयांसमोरही हा प्रश्न आलेला आहे. जर्मनीत एका टेस्लाचालकाने जोराच्या पावसात काच पुसणाऱ्या दांडीचा वेग पडद्यावरून बदलण्याचा प्रयत्न केला. त्या नादात गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. कार्ल्सरूह येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने मार्च २०२० मध्ये असा निर्णय दिला, की हा पडदाही कायद्याच्या दृष्टीने एक इलेक्ट्रॉनिक उपकरणच आहे आणि तो हाताळताना चालकाने नजर रस्त्यावरून हटवली तर तो दोषी ठरतो. चालकाला २०० युरो दंड झाला आणि एक महिना वाहन चालवण्यास मनाई झाली. कायद्याच्या कसोटीवर हा निर्णय योग्यच असेल. परंतु त्यातून निष्पन्न होणारी परिस्थिती विचित्र आहे. पावसात काच पुसण्याचे साधन पडद्याच्या आत कोणी ठेवले? निर्मात्याने. आणि त्याचा शोध घेताना अपघात झाला तर जबाबदार कोण? चालक. अधिकार एकाकडे आणि उत्तरदायित्व दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे.

तथापि, एवढ्यावरून सॉफ्टवेअरच्या सुधारणांनाच नकार देणे हा विवेक ठरणार नाही. मे २०१८ मध्ये अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेला असे आढळले, की ताशी ६० मैल वेगाने धावणारे मॉडेल ३ ब्रेक लावल्यावर थांबण्यास १५२ फूट घेते. संस्थेने गाडीची शिफारस करण्याचे नाकारले. कंपनीने थोड्याच दिवसांत सुधारित सॉफ्टवेअर पाठवले आणि पुन्हा चाचणी घेतली तेव्हा हे अंतर १३३ फुटांवर आले. एकही सुटा भाग न बदलता, मालकाला गॅरेजचे उंबरे झिजवावे न लागता, ब्रेक सुधारले! जुन्या पद्धतीत हेच काम करण्यासाठी हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या असत्या आणि त्यांतील कित्येक कधीच आल्या नसत्या. साधारण मोटार विकत घेतल्या दिवसापासून जुनी होत जाते. ही मोटार काही बाबतींत सुधारत जाते, हे मान्य करावेच लागेल.

मग भेद कोठे करावयाचा? ब्रेक सुधारणे, एखादी नवी सोय जोडणे आणि चालकाच्या हाताला बसलेले वळण मोडणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निकडीची असते, दुसरी ऐच्छिक असते आणि तिसरी केवळ अपरिहार्य असेल तरच करावयाची असते. निर्माते या तिन्ही गोष्टी एकाच पुडीत बांधून पाठवतात. सुरक्षिततेची दुरुस्ती हवी असेल तर फेरमांडणीही स्वीकारा, असा तो मामला असतो. नवे नको वाटले म्हणून जुन्याकडे परतण्याची वाट मालकाला ठेवलेली नसते.

सवयीला नावे ठेवण्याची एक पद्धत तंत्रज्ञांमध्ये रूढ आहे. बदलाला विरोध करणारा तो मागासलेला, असे ते गृहीत धरतात. परंतु सवय म्हणजे आळस नव्हे. कष्टाने मिळवलेले ते कौशल्य आहे. मराठी टंकलेखन शिकलेल्या कारकुनाची बोटे कळफलकाकडे न पाहता चालतात, कारण प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते. कार्यालयांत टंकयंत्रे जाऊन संगणक आले, तेव्हा इन्स्क्रिप्टसारखी नवी मांडणी आली; पण रेमिंग्टनच्या मांडणीवर हात बसलेल्यांसाठी तीही संगणकात उपलब्ध राहिली. एखाद्या सकाळी कारकुनाला न विचारता त्याच्या कळफलकावरील अक्षरे इकडची तिकडे केली, तर त्याचे काम खोळंबेल. रस्त्यावर असे झाले तर केवळ काम खोळंबून भागत नाही.

मोठे बदल कसे करावेत, याचा धडा आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. आणे आणि पै पिढ्यानपिढ्यांच्या हिशेबात रुजलेले होते. सरकारने ते एका रात्रीत रद्द केले नाहीत. जुनी आणि नवी नाणी काही वर्षे शेजारी शेजारी चालली आणि नव्या नाण्याला ‘नया पैसा’ असे वेगळे नाव दिले गेले. लोकांच्या अंगवळणी ते पडल्यावर, १९६४ मध्ये, ‘नया’ हा शब्द गळाला. बदल अपरिहार्य होता आणि तो झालाही. परंतु पूर्वसूचना, संक्रमणाचा काळ आणि जुन्याला दिलेली मुदत या तीन गोष्टींमुळे तो लोकांनी आपला मानला. कोट्यवधी निरक्षर नागरिकांच्या बाबतीत जे साधले, ते काही लाख मोटारमालकांच्या बाबतीत साधू नये, याला तांत्रिक कारण नाही.

याहून गंभीर प्रश्न स्वामित्वाचा आहे. मे २०१९ मध्ये टेस्लाने पाठवलेल्या एका सॉफ्टवेअरमुळे १,७४३ मॉडेल एस गाड्यांच्या बॅटरीचा कमाल विद्युतदाब काही काळ कमी झाला. मालकांनी दावा लावला आणि २०२१ साली कंपनीने १५ लाख डॉलरची तडजोड मान्य केली. चिन्हांची जागा बदलणे आणि बॅटरीची क्षमता आवळणे यांत अर्थातच मोठे अंतर आहे. पण दोन्हींचे मूळ एक आहे. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वस्तूवर विक्रीनंतरही विक्रेत्याचा हात राहतो, हे ते मूळ होय. घर विकणाऱ्याने वर्षभराने येऊन स्वयंपाकघर व न्हाणीघर यांची अदलाबदल केली, तर ते कोणी खपवून घेणार नाही, मग नवे स्वयंपाकघर कितीही प्रशस्त असो.

नियामक संस्थांना याची जाणीव होऊ लागली आहे, हे सुचिन्ह होय. टेस्लाच्या गाड्या चालू असताना पडद्यावर खेळ खेळता येत होते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुरक्षा प्रशासनाने सुमारे ५ लाख ८० हजार गाड्यांची चौकशी सुरू केली, तेव्हा कंपनीने ते बंद करण्याचे मान्य केले. २०२४ च्या आरंभी ब्रेकसंबंधीच्या इशाऱ्याची अक्षरे नियमापेक्षा लहान असल्याचे आढळले आणि सुमारे २२ लाख गाड्यांतील सॉफ्टवेअर सुधारावे लागले. अक्षराची उंची किमान ३.२ मिलिमीटर असावी, एवढाच हा नियम. पण पडद्यावरील अक्षरदेखील सुरक्षेचा भाग आहे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. युरोपातील ‘युरो एनकॅप’ या संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केले, की २०२६ पासूनच्या मूल्यमापनात सर्वोच्च श्रेणी हवी असेल तर दिशादर्शक, धोक्याचे दिवे, काचपुसणी, भोंगा आणि आपत्कालीन मदत यांसाठी प्रत्यक्ष बटणे वा दांड्या असाव्या लागतील. फोक्सवॅगनसारख्या कंपनीनेही स्पर्शपट्ट्यांचा अतिरेक चुकला असे मान्य करून बटणांकडे परतण्याचे ठरवले आहे. १९५८ च्या कराराखालील संयुक्त राष्ट्रसंघाचा १५६ क्रमांकाचा नियम तर वाहनांतील सॉफ्टवेअर बदलांसाठीच २०२० साली संमत झाला.

हा विषय आता परका राहिलेला नाही. टाटांची विजेवरची नेक्सॉन पुण्याजवळ रांजणगावला तयार होते, महिंद्रांच्या विद्युत मोटारी चाकणला. जुलै २०२५ मध्ये टेस्लाचे भारतातील पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. उद्या शिक्षक, कारकून, विक्रेते यांच्या दारातील दुचाकी आणि मोटारी याच प्रकारच्या असतील. सत्तरीच्या दशकात ग्राहक पंचायतीची चळवळ याच महाराष्ट्रात उभी राहिली, तेव्हा तिच्यासमोर खोटे वजन आणि भेसळ हे प्रश्न होते. वजन विक्रीच्या क्षणी तपासता येते. विक्रीनंतर बदलणाऱ्या वस्तूचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या पिढीपुढे नव्हता. तो आजच्या पिढीपुढे आहे.

त्यासाठी मागण्या अवास्तव असण्याचे कारण नाही. सुरक्षिततेची दुरुस्ती आणि फेरमांडणी या स्वतंत्रपणे पाठवल्या जाव्यात. मांडणी बदलावयाची असेल तर काय बदलणार हे आधी साध्या भाषेत, आपल्याकडे मराठीसह प्रादेशिक भाषांत, सांगितले जावे आणि ठरावीक मुदतीपर्यंत जुन्या मांडणीकडे परतण्याची मुभा असावी. काच, दिवे, ब्रेक यांच्याशी संबंधित साधने हाताला न पाहता सापडतील अशा ठरलेल्या जागी राहावीत. विकलेल्या वस्तूची क्षमता मालकाच्या स्पष्ट संमतीवाचून कमी केली गेली, तर तो अनुचित व्यापारी व्यवहार मानला जावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यवहाराची संकल्पना आहेच. तिचा अर्थ सॉफ्टवेअरपर्यंत नेण्याचे काम केंद्र सरकारने न्यायालयांवर सोडून न देता नियम करून स्वतः करावे. गाड्या थोड्या आहेत तोवर हे सोपे आहे. त्या लाखोंनी रस्त्यावर आल्यावर आणि काही अपघातांचे पंचनामे झाल्यावर हे नियम करावे लागले, तर त्याची किंमत निर्मात्यांना नव्हे, रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांना मोजावी लागेल.