शीळ घालणारा शाळकरी



वर्गात कुणी शीळ घातली की आम्ही शिक्षक लगेच डोळे वटारतो, खरं ना? पण आज ज्या शाळकऱ्याची ओळख करून देणार आहे, त्याला कुणीच रागावत नाही. त्याचं नाव शीळकरी कस्तूर. इंग्रजीत त्याला ‘व्हिसलिंग स्कूलबॉय’ही म्हणतात. त्याचं गाणं ऐकलं की वाटतं, एखादा पोरगा दप्तर अडकवून, चाल मध्येच विसरत, पुन्हा आठवत, रमतगमत शाळेला निघालाय!

हा पक्षी सह्याद्रीच्या ओल्या रानांतला. महाबळेश्वर, माथेरान आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातली आंबोली ही त्याची आवडती ठिकाणं. आपल्या सोयगावकडचं, अजिंठ्याच्या डोंगरातलं जंगल पानझडी; उन्हाळ्यात ते पार वाळून जातं. आंबोलीचं रान मात्र बारमाही हिरवं. तिथे वर्षाला सुमारे 7000 मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात ढग थेट झाडांमध्ये शिरतात.

कस्तूर असतो साधारण साळुंकीएवढा. लांबी सुमारे 25 सेंटिमीटर. अंग काळसर निळं. कपाळावर आणि खांद्यांवर चकचकीत निळाई. ओढ्यातल्या दगडांवर टुणटुण उड्या मारत तो किडे, गोगलगायी, छोटे खेकडे, बेडूक टिपतो. रानफळंही खातो. पावसाळ्यात पाण्याजवळच्या कपारीत शेवाळ आणि मुळ्यांचं वाटीसारखं घरटं बांधतो.

आता गंमत ऐका. त्याची शीळ आपल्याला रिकामटेकडी वाटते. पण ते त्याचं काम आहे, बरं का! पहाटे गाऊन तो इतर नरांना बजावतो, ‘एवढा ओढा माझा. इकडे यायचं नाही!’ आपण शेताला मातीचा बांध घालतो, तो गाण्याचा घालतो.

म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवा. काही हौशी माणसं फोटोसाठी मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवतात. त्याला वाटतं, दुसरा नर घुसला! मग तो चारा शोधायचं, पिल्लांना भरवायचं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूमागे धावत बसतो. आईबाबांनो, सहलीला गेलात तर एवढं सांभाळा. मोबाइल खिशात, कान उघडे!

आणि आंबोली लांब आहे म्हणून हिरमुसू नका. आपल्या गावात दयाळ आहे. काळा-पांढरा, शेपटी वर करून बसणारा. उन्हाळ्यात तोही पहाटे असाच गाण्याचा बांध घालतो. आठ दिवस लवकर उठा. तो कुठल्या झाडावर, कुठल्या तारेवर बसून गातो, ते वेळेसह वहीत लिहा. मग त्या जागा रेघेने जोडा. दयाळाच्या शेताचा नकाशा तयार! सातबारा मात्र त्याच्याकडे मागू नका हं!