हे काय काढलंय?

परवा बचत गटाची बैठक आटोपल्यावर एक वहिनी मागे थांबल्या. पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून म्हणाल्या, "ताई, तुम्ही बी.ए. झालेल्या. जरा सांगा, हे काय आहे?"

त्यांची लेक मुंबईला चित्रकला शिकते. तिनं जलरंगात काढलेलं चित्र होतं ते. मागे पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला, 'शहर'. पण ना इमारत, ना रस्ता, ना माणूस! करडे-निळे चौकोन एकमेकांत ओघळलेले, मधूनच एक तांबडी रेघ आणि खाली कोपऱ्यात एवढासा पांढरा तुकडा. वडिलांनी बघितलं नि म्हणाले, "यासाठी कर्ज काढलं का? परीक्षा झाली की घरी आणा तिला."

माझं बी.ए. मराठीतलं, मला तरी काय कळणार? पण "आपल्याला त्यातलं काय कळतंय" असं आपण बायका पटकन म्हणून टाकतो ना, त्याचा मला मनस्वी राग आहे. बँकेचा फॉर्म असो की ग्रामसभा, वाक्य तेच. मैत्रिणींनो, गोधडी बघताना म्हणतो का आपण असं? हा आजीच्या लुगड्याचा तुकडा, ही दादांच्या सदऱ्याची पट्टी. नुसते चौकोन, तरी सगळं घर दिसतं.

पॉल क्ली हा मोठा चित्रकार १९१४ मध्ये ट्युनिशियाला गेला होता. तिथल्या कैरुआन शहरावरून त्यानं केलेली जलरंगातली चित्रं कधी पुस्तकात मिळाली तर बघा. रंगांचे चौकोन, कुठे एखादा घुमट. पण तिथलं ऊन आपल्याला लागतं. आपल्या सय्यद हैदर रझांनीसुद्धा, बिंदूच्या कितीतरी आधी, १९४०च्या दशकात मुंबई जलरंगातच रंगवली होती.

जलरंगाचं एक आहे. चुकलं तर वरून दुसरा रंग फासून झाकता येत नाही. ओल्या कागदावर तो त्याच्या मनानं पसरतो. आणि पांढरा रंग शक्यतो लावतच नाहीत, तिथं कागद कोरा राखायचा. (मुलाच्या एलिमेंटरीच्या परीक्षेनं मला एवढं शिकवलं!) म्हणजे तो पांढरा तुकडा पोरीनं मुद्दाम जपला होता.

मी वहिनींना म्हटलं, "काय आहे ते राहू द्या. तुमची नजर कुठं जाते ते सांगा."

बराच वेळ बघून म्हणाल्या, "तिला सोडायला गेले होते तेव्हा लोकलच्या खिडकीतून असंच दिसत होतं. पाऊस होता." मग पांढऱ्यावर बोट ठेवलं. "आणि ही तिची कॉट. त्या एवढ्या गावात एवढीच जागा आहे तिची."

मी आपली मनात 'आशेचा किरण' वगैरे जुळवत बसले होते. वहिनींनी मला गप्प केलं. अमूर्त चित्राचा कुणीही काहीही अर्थ लावावा, असं म्हणतात. मला ते पटत नाही. अर्थ चित्रात बघूनच काढायचा. वहिनींनी तेच केलं.

रात्री त्यांनी लेकीला फोनवर हे सांगितलं. ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, "आई, माझ्या डोक्यात रिकामा प्लॅटफॉर्म होता. पण कॉटच म्हण." आणि रडली.

चित्र आता फ्रेमवाल्याकडे दिलंय. वरची बाजू कुठली, असं त्यानं विचारलं, ती वहिनींनी बिनचूक दाखवली. वडिलांचं मात्र अजून "ही डागाळलेली भिंत" चाललंय. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. लेकीला परत आणायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.